वन्स मोअर घ्यायचा नाही

माझ्या बायकोचा गाण्याचा आवाज गेला, त्याला आता दीड वर्ष होईल. बोलण्यापुरता आहे. खरखरीत, दमलेला, पण आहे. रस्त्यात कोणी भेटलं की तिची चौकशी करतात आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "तुम्ही सोबत होतात म्हणून निभावलं हो." मी आपला मान हलवतो. मी सोबत कसा होतो ते मला या मे महिन्यात कळलं. कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एका हौशी नाट्यमंडळात तीस वर्षं काढली. संगीत नाटकांचं मंडळ. ती गायची आणि मी शिपाई. म्हणजे नाटकातला शिपाई. कधी भालदार, कधी हवालदार, एकदा यमदूत. आत यायचं, मुजरा करायचा, "महाराज, दूत आला आहे" म्हणायचं आणि भाल्याला टेकून उभं राहायचं. मला सूर कळतो, पण गळ्यात उतरत नाही. हे मंडळाला पहिल्या आठवड्यातच समजलं आणि त्यांनी माझ्या हातात भाला दिला तो कायमचा.

मी मूळचा मंडणगडकडचा. नोकरीच्या निमित्तानं रत्नागिरीला आलो, सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. इथल्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमात एक शिक्षिका गायला उभी राहिली आणि मी खुर्ची सोडून पुढे जमिनीवर जाऊन बसलो. लग्न झाल्यावर तिला नाट्यमंडळानं बोलावलं. आमच्या घरात बुद्धवंदना, तिकडे नाटकाच्या आधी नांदी. सुरुवातीला दोन्हीकडची माणसं जरा बिचकली, मग तिनं तोंड उघडलं आणि विषय संपला. तिला तालमीला सोडायचं, तालीम संपली की घरी आणायचं, म्हणून मी जायला लागलो.

लोक चेष्टा करायचे. बायको नायिका आणि नवरा दारावरचा शिपाई! मला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट तिकीट काढून पहिल्या रांगेत बसलेल्यापेक्षा मी तिच्या जवळ असायचो. ती ताना घ्यायची तेव्हा गळ्याची शीर कुठे फुगते, वरच्या सुराला जाण्याआधी ती डाव्या हाताची मूठ कशी वळते, हे सगळं मला तिथून दिसायचं. प्रत्येक नाटकात मी माझी जागा अशी धरायचो की मान न वळवता तिच्याकडे बघता यावं. शिपायानं समोर बघायचं असतं, हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग मंडळात सर आले. वयानं माझ्या मुलीपेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठे, पण मुंबईला नाटकाचं शिक्षण घेऊन आलेले, म्हणून आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. त्यांनी स्वतः एक नवं संगीत नाटक लिहून आणलं. राजे नाहीत, अप्सरा नाहीत. एक नाव नसलेला देश आणि तिथला एक हुकूमशहा. तो स्टेजवर येतच नाही, फक्त खांबावरच्या कर्ण्यातून त्याचा आवाज येतो. एक शाळामास्तर पदं लिहितो आणि त्याची बायको ती गाते. एक दिवस गाण्यावर बंदी येते. ही दोघं घरात दार लावून गातात. कोणीतरी कळवतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोन शिपाई मास्तरला न्यायला येतात. तिसऱ्या अंकात ती कचेऱ्या-कचेऱ्यांतून त्याला शोधत फिरते आणि प्रत्येक ठिकाणी तिला सांगतात, असा माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही. हुकूमशहा मरतो, तुरुंग उघडतात, माणसं घरी येतात. तिचा येत नाही. मग ती म्हातारी होऊन एकटी, साथीशिवाय, एक पद गाते आणि पडदा पडतो.

वाचन झालं तेव्हा आमचे ऑर्गनवाले आजोबा, ऐंशीच्या पुढचे, चष्मा काढून पुसत बसले. शेवटी तेच म्हणाले, "हे लोकांना झेपायचं नाही. पण करूया."

नायिका अर्थातच माझी बायको. मास्तरच्या कामाला पावसकडचा एक मुलगा, म्हणजे चाळिशीचा बाप्या, पण मंडळात सगळ्यात तरणा तोच. आंब्याची कलमं आहेत त्याची, गळा गोड, आम्ही त्याला पावसकर म्हणायचो. आणि त्याला ओढून नेणारे दोन शिपाई, त्यातला एक मी. दुसरा शिपाई बाजारात कापडाचं दुकान चालवायचा.

सरांची शिस्त कडक. सहा म्हणजे सहा. तालमीत मोबाइल बंद, चहा नाही, आपला प्रवेश नसला तरी बाहेर जायचं नाही. नाटक हुकूमशाहीवर आणि तालीमही तिच्याच ताब्यात, असं मी एकदा म्हणालो तर सगळे हसले. सर हसले नाहीत. पण खरं सांगायचं तर मला ती शिस्त आवडायची. पस्तीस वर्षं वरून आलेल्या कागदाप्रमाणे काम केलेला माणूस मी. काय करायचं ते कोणी नीट सांगितलं की मला सुटल्यासारखं वाटतं.

मास्तरला नेतात तिथे भैरवीतलं एक पद होतं. 'राहू दे जरा पाऊल उंबऱ्यावरी.' दोन्ही शिपायांनी मास्तरचे दंड धरलेले, तो दारात, आणि ती घराच्या आतून गाते. शिपाई एवढा वेळ गाणं ऐकत का थांबतात, असा प्रश्न मी विचारला होता. सर म्हणाले, "काका, संगीत नाटक आहे." तेवढं मला पटलं.

पहिला प्रयोग आम्ही पावसजवळच्या एका गावात, देवळासमोरच्या मांडवात केला. नाटक नाट्यस्पर्धेत उतरवायचं होतं, त्याआधी चुका कळाव्यात म्हणून. दुसऱ्या अंकाचा शेवट आला. तिनं पद असं काही म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. शेवटची ओळ संपली, आम्ही मास्तरला ओढत विंगेत नेलं, आणि मांडवातून आरडाओरडा सुरू झाला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" मागून एक म्हातारी ओरडली, "परत घे गो बाय, जीव निवला नाय!"

आता आमच्या संगीत नाटकात वन्स मोअर आला की तो घ्यायचा. हे कोणी शिकवावं लागत नाही. मी मेलेला राजा उठून बसून पुन्हा गाताना बघितलाय. लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. पुन्हा गाऊन झालं की तो नीट पुन्हा मरतो आणि लोक पुन्हा रडतात. तर सवयीनं ती उंबऱ्याशी आली, ऑर्गनवाल्या आजोबांनी सूर दिला, आणि पावसकर विंगेतून कॉलर सारखी करत परत आला. मागोमाग आम्ही दोन शिपाई. त्याच्या दंडाला धरून पुन्हा उभे. कापडवाल्याला हसू आवरेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पद पुन्हा झालं, आम्ही मास्तरला पुन्हा अटक केली. मग पुन्हा एकदा वन्स मोअर आला. त्या दिवशी मास्तरला तीनदा पकडला. शेवटी नेताना तो माझ्या कानात म्हणाला, "काका, वाईच हळू ओढा, खांदा निखळेल."

परत येताना टेंपोत आम्ही खिदळत होतो. सर पुढे बसले होते, गप्प. दुसऱ्या दिवशी तालमीत त्यांनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं.

"ज्याला नेला तो परत येत नाही," ते म्हणाले. "सगळं नाटक एवढ्यासाठी लिहिलंय. आपण टाळ्यांसाठी त्याला परत आणला. मग तिसऱ्या अंकात ती शोधते कोणाला? लोकांनी त्याला दोनदा परत येताना बघितलाय, तिसऱ्यांदाही येईल असंच वाटणार त्यांना."

स्पर्धेच्या प्रयोगात वन्स मोअर घ्यायचा नाही, असं ठरलं. ऑर्गनवाल्या आजोबांनी कुरकुर केली, पण मान्य केलं. बायकोनंही केलं. घरी येताना ती म्हणाली, "बरोबर आहे हो त्यांचं. मलाच कळायला हवं होतं."

आणि सरांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, हे तुमच्या हातात आहे. तिची शेवटची ओळ समेवर आली की ओढायचं. हॉलमध्ये काय वाटेल ते होऊ दे. प्रेक्षकांकडे बघायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, माझ्याकडेसुद्धा बघायचं नाही. समोर बाल्कनीच्या खालचा खांब आहे, त्याच्याकडे बघायचं. तुम्ही माणूस नाही आहात तिथे. हुकूम आहात."

तीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी काम समजावून सांगत होतं. मी फुशारलो. घरी आरशासमोर उभा राहून चेहरा दगड करायची सवय करू लागलो. बायको भाजी चिरता चिरता बघायची आणि हसायची. "अहो, जेवताना तरी माणसात या," म्हणायची.

स्पर्धेला महिना होता तेव्हा तिचा गळा दुखायला लागला. आधी आम्ही तालमीवर ढकललं. मग गळ्याच्या खालच्या बाजूला गाठ हाताला लागली. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या आणि सांगितलं, गाठ काढायलाच हवी, फार दिवस थांबता येणार नाही. आवाजाची नस गाठीला चिकटून आहे. बोलणं येईल परत. गाण्याचं सांगता येत नाही.

डॉक्टर सांगत होते तेव्हा ती त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या गळ्याकडे बघत होती. तो उघडून आतलं दाखवायचा असतो तसला गळा. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "वीस दिवस थांबलं तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, वीस चालतील, पण त्याहून जास्त नाही. स्पर्धेचा प्रयोग सतराव्या दिवशी होता.

आंबा घाट उतरताना मी तिला म्हणालो, सरांना सांगूया. तू हे पद शेवटचं म्हणणार आहेस हे त्यांना कळलं तर ते वन्स मोअरचं काहीतरी बघतील. ती इतकी रागावली की बसमधल्या माणसांनी वळून बघितलं. "माझ्या गळ्यासाठी नाटक वाकवायचं नाही," म्हणाली. "आणि कोणाला सांगायचं नाही. मला कीव नको." मी कोणाला सांगितलं नाही. पण रत्नागिरीत एखादी गोष्ट लपवायची तर ती आधी डॉक्टरच्या दारातल्या बाकड्यापासून लपवावी लागते. सगळ्यांना कळलं होतं, हे मला फार उशिरा समजलं. मंडळात कोणी तोंडातून शब्द काढला नाही, ही मात्र त्यांची माया.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती आरशासमोर वेणी घालत होती. मी दारात उभा राहून बघत होतो. शेवटी म्हणालो, "समजा, वन्स मोअर आलाच तर?"

तिनं वेणीचा शेवटचा पेड घातला. मग आरशातूनच म्हणाली, "आला तर बघू."

मी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला. तिला सरांचं म्हणणं पटलं आहे, तिनं मला बसमध्ये झापलं आहे, मग दुसरा काय अर्थ असणार? आज मला ते तीन शब्द पुन्हा ऐकावेसे वाटतात, त्या आवाजात. त्यात 'नाही' नव्हतं.

सात वाजताचा प्रयोग. हॉल भरलेला. तिच्या शाळेतल्या शिक्षिका, आजवर शिकवलेल्या मुलांचे आईबाप, विहारातली मंडळी, कधी संगीत नाटकाला न फिरकलेली माणसंसुद्धा आली होती. मला वाटलं, मंडळानं जाहिरात चांगली केली. मुंबईहून आमची मुलगी आली होती, ती बाल्कनीत बसली. तिसरी घंटा झाली, नांदी झाली, पडदा वर गेला.

पहिला अंक मी विंगेतून बघितला. ती सावरून गात होती. कुठे ताण द्यायचा नाही हे तिचं तिनं ठरवलं होतं, आणि ते मलाच कळत होतं. दुसऱ्या अंकात मास्तरच्या दारावर थाप मारायची वेळ आली आणि मी हुकूम झालो. आत गेलो, पावसकराचा उजवा दंड धरला, कापडवाल्यानं डावा. खांबाकडे बघत उभा राहिलो.

तिनं भैरवी धरली.

मी ते पद ऐकलं, बघितलं नाही. कसं झालं म्हणून सांगू? तिनं जपून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. 'राहू दे जरा' या शब्दांवर ती परत परत येत होती आणि दर वेळी ते वेगळं होत होतं. एकदा विनवणी, एकदा राग, एकदा नुसतंच सांगणं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी खांबाकडे बघत होतो. हुकूम रडत नाही, पण मागच्या रांगेतून ते दिसणार नाही असा मी हिशेब केला. शेवटची ओळ आली, सम आली, आणि मी ओढलं.

हॉल कोसळल्यासारखा आवाज झाला. टाळ्या, आणि टाळ्यांवरून वन्स मोअर, चारी बाजूंनी. तालमीत सांगितलं होतं तसंच. मी थांबलो नाही. पावसकर मात्र त्या दिवशी हलेना. पाय रोवून उभा राहिला. मला वाटलं, काय जीव ओतलाय आज पोरानं! मी आणखी जोर लावला. पलीकडे कापडवाल्याची पकड सुटली आहे असं मला जाणवलं, म्हणून त्याचाही जोर मीच लावला. ओढत, जवळजवळ फरफटत, मी त्याला दाराबाहेर काढला, विंगेत नेला आणि मग सोडला. दिवे गेले. वन्स मोअर बराच वेळ चालू होता, मग हळूहळू थांबला.

विंगेत कोणी माझ्याशी बोललं नाही. मला वाटलं, सगळे भारावलेत. पावसकर दंड चोळत खाली मान घालून निघून गेला.

निकालात नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. आणि मला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, अभिनयाचं प्रमाणपत्र. परीक्षक भाषणात म्हणाले की दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या शिपायाकडे बघताना अंगावर काटा आला, कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण निकाल लागला तेव्हा आम्ही कोल्हापूरच्या हॉस्पिटलात होतो. मला मंडळातून फोन आला. मी तिला सांगितलं. तिला बोलायची बंदी होती, ती शाळेत वापरायची तसली पाटी उशाशी ठेवली होती. तिनं पाटीवर लिहिलं, 'अभिनंदन'. आणि खाली एक फूल काढलं, पहिलीच्या मुलांच्या वहीत काढायची तसलं.

गाठ वाईट नव्हती, तेवढं एक चांगलं झालं. नस मात्र दुखावली. महिनाभरानं बोलणं आलं, ते असं काथ्या घासल्यासारखं. ती शाळेत परत गेली. वर्गात ओरडता येत नाही म्हणून डस्टर टेबलावर आपटते. पोरं इतकी शहाणी, बाई काय म्हणतात ते ऐकू यावं म्हणून आपोआप गप्प बसतात. विहारात वंदनेला ती सगळ्यांबरोबर उभी राहते, ओठ हलवते. मी शेजारी असतो, मला माहीत आहे, आतून काही येत नाही. एकदा सकाळी मी विहिरीवर होतो तर मागच्या पडवीत तिनं सा लावून बघितला. लागला नाही. दुसऱ्यांदा लावला. मग ती भांडी घासायला बसली. मी विहिरीपाशीच थांबून राहिलो, तिला मी ऐकलं हे कळू नये म्हणून.

मंडळाच्या तालमींना आम्ही जाणं सोडलं. मला बोलावत होते, पण तिच्याशिवाय भाला धरून कोणाला ऐकू?

या मे महिन्यात मंडळानं तिचा सत्कार करायचं ठरवलं. आजवरच्या कामाची थोडी क्षणचित्रं दाखवणार होते. त्यांनी मला विचारलं, शेवटच्या प्रयोगाचं काही चित्रण आहे का? सरांनी शूटिंगला बंदी केली होती, त्यामुळे मंडळाकडे काहीच नव्हतं. मुलगी सुट्टीला आंबे खायला आली होती. मी तिला सहज विचारलं. ती लगेच नाही म्हणाली. इतक्या लगेच, की मला कळलं, आहे.

मी चिडलो. माझं चिडणं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणालो, आईचं शेवटचं गाणं तुझ्याकडे आहे आणि तू बापापासून लपवतेस? ती म्हणाली, "बाबा, आई नको म्हणाली होती." मी म्हणालो, आईला मी बघतो, तू दे इकडे. शेवटी तिनं मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि उठून अंगणात गेली.

बाल्कनीतून घेतलेलं होतं, सगळं स्टेज दिसत होतं. पद संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मी स्वतःला बघितलं, खांबाकडे डोळे लावलेला. आणि माझ्याभोवती जे चाललं होतं ते बघितलं.

डाव्या विंगेतून सर अर्धे बाहेर आले होते. प्रेक्षकांना दिसतील इतके बाहेर. ते हात गोल गोल फिरवत होते. पुन्हा, पुन्हा घ्या. त्यांचा चेहरा ओला होता. खाली ऑर्गनवाल्या आजोबांनी सूर दिला, थांबले, पुन्हा दिला. तो सूर मोबाइलच्या त्या एवढ्याशा आवाजातसुद्धा ऐकू येत होता. कापडवाल्यानं मास्तरचा दंड सोडून दिला होता आणि एक पाऊल मागे सरला होता. पावसकर उंबऱ्यावर पाय रोवून माझ्याकडे वळून काहीतरी म्हणत होता. तो अभिनय करत नव्हता. थांबा म्हणत होता. सगळे थांबले होते. ज्यानं हुकूम दिला होता त्यानंही तो मागे घेतला होता. मी एकटा ओढत होतो.

आणि ती उंबऱ्याशी उभी होती. डाव्या हाताची मूठ वळलेली.

मी ते चित्रण पाच वेळा बघितलं. पहिल्या वेळी मला वाटलं, सरांनी मला आधी का नाही सांगितलं? दुसऱ्या वेळी वाटलं, कोणीतरी माझा खांदा तरी धरायचा. तिसऱ्या वेळेपासून काही वाटायचं थांबलं. तीस वर्षं मी तिच्याकडे बघण्यासाठी स्टेजवर उभा राहिलो. ज्या एका प्रयोगात बघायला हवं होतं, त्यात मला बघू नका म्हणून सांगितलं आणि मी बघितलं नाही.

मुलगी आत आली. तिनं सांगितलं की हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी आईनं पाटीवर लिहून ते मागितलं होतं. इअरफोन कानाला लावून सगळं बघितलं, आणि मग पाटीवर लिहिलं, 'बाबांना दाखवू नकोस.' म्हणजे फूल काढलं त्याच दिवशी. आधी की नंतर, ते मी विचारलं नाही.

बायको मागीलदारी आमसुलांसाठी रातांब्याची सालं वाळत घालत होती. हात लाल झालेले. मी समोर जाऊन बसलो. मोबाइल माझ्या हातातच होता, तो तिनं बघितला आणि सगळं तिच्या लक्षात आलं. सालं पसरायचं तिनं थांबवलं नाही.

"सर म्हणाले होते कोणाकडे बघायचं नाही," मी म्हणालो. साठी उलटलेला माणूस मी, शाळेत बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखं बोललो.

"माहीत आहे मला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्हाला प्रमाणपत्र मिळालं होतं." ती हे टोमण्यानं बोलली नाही. तेच मला सोसवेना. मी म्हणालो, रागाव तरी. काहीतरी बोल मला. गेलं वर्षभर तू माझ्या पानात वाढलंस, माझे सदरे वाळत घातलेस, आणि हे सगळं तुला माहीत होतं.

आता तिला बोलण्याआधी श्वास गोळा करावा लागतो, तसा तिनं केला.

"सरांनी हात केलानी ते मला दिसलं," ती म्हणाली. "आजोबांनी सूर दिलानी. पण तुम्ही त्याचा हात सोडल्याशिवाय मला सुरुवात करता येत नव्हती. म्हणून मी तुमच्याकडे बघत राहिले."

"किती वेळ?" मी विचारलं.

"तुम्ही दिसेनासे होईपर्यंत," ती म्हणाली.